टेकणीचा मोहा

चालायला सगळ्यांत सोपी वाट कोणती, असं मला कोणी विचारलं तर मी पटकन सांगेन, चांद्याच्या परकोटाबाहेरच्या राखीव जंगलातली. चढ नाही, उतार नाही. ओढा एकच, आणि दिवाळीनंतर तोही घोट्याएवढा. काटे होते, पण ते बोरीचे, आणि बोरं खायची म्हटल्यावर काट्यांची तक्रार कशाला करायची? आता आमच्या वस्तीतल्या बायका डॉक्टरांनी सांगितलं म्हणून चालतात. पांढरे बूट घालतात, हात झुलवतात, बागेला गोल गोल चकरा मारतात आणि जिथून निघाल्या तिथेच परत येतात. मी बाकावर बसून बघते. मला काही ते पटत नाही. चालायचं तर माणसानं कुठेतरी पोचावं.

आम्ही पोचत होतो. त्या वाटेच्या एका टोकाला, परकोटाला पाठ लावून, माझ्या आईचं घर होतं. दुसऱ्या टोकाला, मोठ्या तलावाच्या पाळीखाली, माझं सासर. मधे सागाचं, ऐनाचं, तेंदूचं जंगल. दोन्ही घरं ढिवरांची. पुरुषांनी तलावात जाळं टाकायचं आणि बायकांनी मासळी टोपलीत भरून चांद्याच्या बाजारात न्यायची, असं आमचं चालायचं. माझं लग्न झालं तेव्हा देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. वडील माझ्या लहानपणीच गेले होते आणि आईला मी एकटीच. पाठवणीच्या वेळी शेजारणी रडल्या, आई रडली नाही. ती म्हणाली, "वाट सोपी हाये. रडाचं कायले?"

सासूबाई उंच, हाडापेरानं मजबूत, आणि आवाज असा की त्या बोलायला लागल्या की तलावातले बगळे उठायचे. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला समोर बसवून घरचा कायदा सांगितला. "मायले भेटाले जाचं तं जाय. बाजाराच्या कोनत्याबी दिवशी जाय. मले इचारू नोको. पन दिवेलागनीच्या आत चुलीपाशी दिसली पायजे. मुक्काम नाई."

मला याचा फार राग यायचा. मुक्काम का नाही? गावातल्या बाकीच्या सुना वर्षातून एकदा का होईना महिनाभर माहेरी जायच्या, न्हाऊनमाखून, अंगानं भरून परत यायच्या. माझं आपलं चिमूटभर माहेर. मासळी विकून आईकडे जायचं, तिच्या हातचा भात आणि अंबाडीची भाजी खायची, ती वेणी घालेपर्यंत बसायचं आणि उन्हं कलायच्या आत उठायचं. आई विचारायची, सासू कशी आहे? मी म्हणायचे, कंजूष. आई हसायची आणि वेणी घट्ट ओढायची.

त्या वाटेवर बाराही महिने खायला काहीतरी असायचं. हिवाळ्यात बोरं, उन्हाळ्यात टेंभरं आणि चारं, पावसाळ्यात वारुळांवर उगवणाऱ्या अळंब्या. चैतात मोहाची फुलं पडायची तेव्हा त्या वासानं डोकं हलकं व्हायचं आणि बायका उगाचच हसत सुटायच्या. वांदरं वरून आमच्यावर डाफरायची, आम्ही खालून त्यांच्यावर. वाघही होता. ओल्या मातीत त्याची पावलं दिसायची. पण तो त्याच्या कामात असायचा आणि आम्ही आमच्या. शिवाय आम्ही साऱ्याजणी एकदम बोलत जायचो म्हटल्यावर वाघच काय, कोणीही वाट सोडून बाजूला झाला असता.

वाटेच्या मधोमध एक मोहा होता. जुनं, रुंद बुंध्याचं झाड. त्याची एक जाड फांदी बाईच्या छातीच्या उंचीवर फुटली होती आणि वर जायचं सोडून आडवीच गेली होती. डोक्यावर भरलेली टोपली असली की ती खाली ठेवणं सोपं, पण पुन्हा डोक्यावर घ्यायला दुसरीचा हात लागतो. इथे कोणाची मनधरणी करायला नको. थोडं वाकायचं, टोपली फांदीवर सरकवायची, घाम पुसायचा, पाणी प्यायचं, मग पुन्हा डोकं खाली घालून टोपली घ्यायची आणि चालू लागायचं. सगळे त्याला टेकणीचा मोहा म्हणायचे. टोपल्या टेकून टेकून त्या फांदीची साल कधीच गेली होती. लाकूड काळं आणि वाटणाच्या पाट्यासारखं गुळगुळीत झालं होतं आणि टोपल्यांच्या बुडांनी त्यात खळग्या पाडल्या होत्या. वास म्हणाल तर मासळीचा. पाऊस कितीही पडो, तो वास काही जायचा नाही.

दुपारी आई मला पोचवायला त्या मोहापर्यंत यायची. माझी रिकामी टोपली फांदीवर ठेवून तीत काहीतरी घालायची, कधी बोरं, कधी शेजारच्या परसातलं वांगं. मग म्हणायची, "जाय आता. सासू वाट पाहून राह्यली असन." पुढचं अर्धं जंगल मी एकटी चालायचे. गुराख्यांच्या हाळ्या कानावर यायच्या, मग तलावाचा वारा लागायचा, मग सासूबाईंचा आवाज.

एका वर्षी दिवाळी झाली आणि नाकेदार आमच्या दारात आला. नाकेदार म्हणजे जंगलाचा राखणदार. खाकी कपडे, हातात काठी, माणूस चांगला. सासूबाईंच्या हातचा मासळीचा रस्सा खाऊन खाऊन तो आमच्यातलाच झाला होता. त्यानं सांगितलं, जंगलखात्याचे नवे साहेब आले आहेत, राखीव जंगलात लोकांनी वाट्टेल तिथे वाटा पाडल्यात म्हणून चिडले आहेत, आणि आता एकेक वाट बंद करणार आहेत.

"पन जुनी वाट राह्यते," तो म्हणाला. "बापजाद्यापासून चालत आली असन तं सायेब राहू देतेत. नवी असन तं काटे लावून बंद. परवा सकाळी तुमच्याच वाटेनं येऊन राह्यले पाहाले. चांद्याहून पैदल."

त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर गावातली मोठी माणसं जमली. वाट बंद झाली तर बाजाराला गाडीरस्त्यानं जावं लागणार होतं. तो रस्ता तलावाला आणि जंगलाला वळसा घालून जायचा. सकाळी निघालं की चांद्याला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर. साहेबासमोर काय बोलायचं यावर खल झाला आणि ठरलं की मासळीचंच बोलायचं. मासळी नासते, आमचं पोट आहे, एवढंच. सासूबाई सगळ्यांना बजावत होत्या, "आडवं तिडवं कोनी बोलू नोका. फकस्त मासळी."

माझं नाव कोणी घेतलं नाही, आणि घ्यायचं कारणही नव्हतं. पण मी आत चुलीपाशी बसून सगळं ऐकत होते आणि मला एकच दिसत होतं. गाडीरस्त्यानं चांद्याला जाऊन त्याच दिवशी दिवेलागणीच्या आत परत येणं देवालाही जमलं नसतं. मुक्काम नाही हा घरचा कायदा. म्हणजे वाट बंद झाली की माझी आई बंद झाली. मी चुलीत फुंकर मारत होते आणि डोळ्यांतलं पाणी धुरावर ढकलत होते.

आता इथे आमच्या लोकांची एक खोड सांगायला हवी. पाहुणा येणार म्हटलं की आमचं भान सुटतं. वरात यायची असो की कोणी मोठा माणूस, तो ज्या वाटेनं येणार ती वाट झाडून, सडा घालून, रांगोळी काढून ठेवायची. घरात दाणा नसला तरी चालेल, दारात कचरा नको. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी ओट्यावर उभं राहून हाक दिली.

"सायेब पैदल येनार, अन् त्याच्या पायाखाली कचरा? साऱ्या गावाची इज्जत जाईन! विळे काढा!"

आणि सारा गाव जंगलात शिरला. वाटेच्या दोन्ही कडांचं गवत कापलं. झाडांची मुळं वर आली होती ती मातीनं बुजवली. तलावाकाठची रेती टोपल्या टोपल्यांनी नेऊन वाटेवर पसरली. मोहाखालची जागा तर शेणानं अशी सारवली की चुलीपुढे बसल्यासारखं वाटावं. वर आंब्याच्या पानांचं तोरण. माझ्याइतकं मन लावून झाडणारी त्या दिवशी दुसरी कोणी नसेल. मला वाटत होतं, मी माझ्या आईची वाट झाडते आहे. तिकडे चांद्याच्या बाजूलाही नाकेदारानं निरोप दिला होता, म्हणून आई आणि तिच्या शेजारणी तिकडून झाडत आल्या. दुपारी दोन्ही फौजा मोहापाशी भेटल्या. आईच्या केसांत पाचोळा होता, माझ्या नाकाला माती. एकमेकींकडे बघून आम्ही इतक्या हसलो की दोघींना खाली बसावं लागलं.

शेवटी चुना आला. आमच्याकडे तलावातले शिंपले भाजून चुना करायचे. दिवाळीत घरांना लावून उरलेला चुना घागरीत होता. सासूबाईंनी वाटेकडेच्या दगडांना लावला, झाडांच्या बुंध्यांना लावला, आणि मग मोहाकडे वळल्या.

"यालेबी लावा. म्हातारा हाये, पन सनाच्या दिवशी म्हाताऱ्यालेबी नवं धोतर पायजे."

कोणीतरी म्हणालं, "चुन्यात डिंक टाका व बाई, नाई तं हाताले लागन."

"आता डिंक कुठी शोधत बसू? अन् झाडाले कोन हात लावते?" असं म्हणून त्यांनी पदर खोचला आणि बुंध्याला, आडव्या फांदीला, फांदीवरच्या खळग्यांना, सगळीकडे स्वतःच्या हातानं पांढरंफटक चोपडलं. मग चार पावलं मागे सरून, कमरेवर हात ठेवून वाटेकडे बघितलं आणि म्हणाल्या, "कशी दिसते? जशी आजच केली!"

हे वाक्य त्यांच्याच तोंडचं आहे. मी साक्षीला होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे मोहापाशी उभे होतो. थंडी होती, सारवण अजून ओलंच होतं. तिकडून साहेब आले. गडद हिरवा कोट, उंच, तरुणच म्हणायचे. मागे नाकेदार, आणि त्यांच्या मागे थोडं अंतर ठेवून आई आणि चांद्याच्या बायका. साहेब वाटेकडे बघत येत होते, आणि जसजसे जवळ येत होते तसतशा त्यांच्या भुवया वर चढत होत्या. नाकेदाराचा हात कपाळावर होता. तो सुटीवर असता तर बरं झालं असतं, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

साहेब तोरणाखाली थांबले. "ही वाट केव्हा केली?"

"केली नाई जी," सासूबाई पुढे झाल्या. "जुनीच हाये. बापजाद्याची."

"जुनी?" साहेबांनी बुटानं रेती उकरली. "ही रेती कालची आहे. चुना कालचा आहे. कापलेलं गवत अजून हिरवं आहे, आणि मला सांगता बापजाद्यांची? नवी वाट पाडता आणि वर तोरण लावता?"

आमच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. पिढ्या न् पिढ्यांची पावलं त्या मातीत होती, आणि आम्ही ती सगळी झाडून, वर रेती पसरून, सडा घालून मोकळे झालो होतो. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा, आणि तोही चुना लावलेला. एरवी मी यावर पोट धरून हसले असते.

"बंद करा," साहेब नाकेदाराला म्हणाले. "उद्या दोन्ही तोंडांना काटे लावा. या लोकांना गाडीरस्ता आहे."

मी साहेबांच्या खांद्यावरून आईकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. पाठवणीला न रडलेली माझी आई पदरानं डोळे पुसत होती.

सासूबाईंचा चेहरा रागानं काळाठिक्कर पडला होता. पण पाहुणा तो पाहुणा. त्यांनी पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा पुढे केला. "बंद करा सायेब. पन पानी पिऊन करा. आमच्या दारचा मानूस तहानलेला नाई जात."

साहेब चांद्याहून चालत आले होते, दमले होते. त्यांनी बसायला जागा बघितली. खाली सगळीकडे ओलं शेण. दगड वीतभर उंचीचे. शेवटी त्यांनी आमच्या कित्येक टोपल्यांसारखंच केलं. आडव्या फांदीला पाठ टेकली, दोन्ही कोपरं मागे फांदीवर टेकवून जरा दम घेतला आणि मग घटाघटा पाणी प्यायले. गूळ खाल्ला. पुन्हा पाणी प्यायले. मग सरळ झाले आणि तांब्या परत द्यायला वळले.

त्यांच्या हिरव्या कोटाची पाठ, या कोपरापासून त्या कोपरापर्यंत, पांढरी झाली होती. मांजराच्या पाठीवर पीठ सांडावं तशी.

पहिलं हसू माझं फुटलं. हसू दाबणं मला जन्मात कधी जमलं नाही. सासूबाई माझ्यावर डोळे वटारायला वळल्या, त्यांना कोट दिसला आणि त्यांनीही तोंडात पदर कोंबला. नाकेदार धावला आणि आपल्या दुपट्ट्यानं कोट झटकायला लागला, तसा चुना आणखी पसरला. साहेबांनी कोट काढला, समोर धरला, आणि मग नाकाजवळ नेला.

"हा वास कसला?"

"मासळीचा जी," सासूबाई म्हणाल्या.

"चुन्याला मासळीचा वास?" साहेब मागे वळले आणि त्यांना फांदी दिसली. जिथे त्यांची पाठ आणि कोपरं घासली होती तिथला चुना निघाला होता आणि आतून काळंभोर, चकचकीत लाकूड वर आलं होतं. साहेबांनी तळव्यानं आणखी चुना पुसला. मग रुमाल काढून पुसला. एक खळगी उघडी झाली, मग दुसरी, मग तिच्या शेजारी तिसरी. त्यांनी बोटं त्या खळग्यांतून फिरवली. तेवढ्यात कोणीतरी न सांगता पुढे होऊन आपली टोपली उचलली आणि खळगीत ठेवली. टोपली जागच्या जागी बसली. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

"हे केव्हापासून आहे?" आता साहेबांचा आवाज वेगळा होता.

"मी लगन होऊन आली तवाबी असंच होतं," सासूबाई म्हणाल्या. "माही सासू सांगे का तिच्या सासूच्या वक्ताले इथी साल होती मनून."

"मग त्यावर चुना कशाला फासला?"

सासूबाई पहिल्यांदाच खाली बघून, हळू आवाजात बोलल्या. "तुमी येनार होते ना जी."

साहेबांच्या मिशा हलल्या. पण ते साहेब होते. त्यांनी खाकरून म्हटलं, "बरं, वाट जुनी आहे, मान्य. पण गरज काय आहे वाटेची? मासळी गाडीनं जाऊ शकते."

ठरल्याप्रमाणे आमची मोठी माणसं एका सुरात म्हणाली, "मासळी नासते जी."

"या थंडीत?" साहेब म्हणाले.

आणि मग सासूबाईंचा तो बगळे उठवणारा आवाज निघाला.

"मासळी गेली खड्ड्यात!"

सगळ्यांना मासळीपलीकडे बोलू नका म्हणून बजावणारी तीच बाई. त्यांनी माझा दंड धरला आणि मला ओढून साहेबांपुढे उभं केलं. "ही माही सून. अन् तुमच्या मांगं उभी हाये ती तिची माय. एकटी बाई हाये, दुसरं कोनी नाई तिले. ही पोरगी या वाटेनं जाते, मायले पाह्यते अन् दिवेलागनीच्या आत घरी येते. माहं माहेर पोंभुर्न्याच्या पल्याड हाये सायेब. मी वर्साच्या वर्स गेली नाई. कोन सोडन एवढ्या दूर? माही माय मेली तं खबर आली तवा तेरवीबी होऊन गेली होती. मले असी वाट भेटली नाई. इले भेटली हाये. आता काटे लावाचे असन तं माह्या अंगावर लावा!"

आणि त्या रडायला लागल्या. मोठ्यानं, रागारागानं, माझा दंड न सोडता.

मला तोपर्यंत हे काहीही माहीत नव्हतं. त्यांचं माहेर कुठे आहे, हेही मी कधी विचारलं नव्हतं. दर बाजाराला जा, मला विचारू नको, हे त्यांनी मला का दिलं होतं ते मला त्या ओल्या शेणात उभं राहून कळलं. मला इतका आनंद झाला की मीही रडले, पलीकडे आई रडली, आणि नाकेदारानं चुन्यानं भरलेल्या दुपट्ट्यानं डोळे पुसले आणि डोळ्यांत चुना गेल्यामुळे तो सगळ्यांत जास्त रडला.

साहेबांनी कोट अंगावर चढवला, पाठीवरच्या चुन्यासकट. "पायवाट राहू द्या," ते नाकेदाराला म्हणाले. "गाडी नाही, बैल नाही, कुऱ्हाड नाही. फक्त पायी माणसं." मग सासूबाईंकडे बघून म्हणाले, "आणि बाई, पुढच्या वेळी मी येणार असलो तर कृपा करून काहीही झाडू नका."

तेव्हा जो हशा उठला त्यानं वरची सगळी वांदरं पळाली. साहेब पुढे गावात आले, रस्सा खाल्ला, आणि पांढरी पाठ घेऊन गाडीरस्त्यानं परत गेले. आमची पोरं वेशीपर्यंत त्यांच्या मागे गेली. सासूबाईंनी डोळे पुसले, माझा दंड सोडला आणि म्हणाल्या, "पाहून काय राह्यली? टोपली घे." जणू काही झालंच नव्हतं.

काही दिवसांनी बाजारासाठी टोपली भरत होते, तर त्या मागून म्हणाल्या, "आज मुक्काम कर. रातभर राहून ये मायपाशी."

मला वाटलं मी भलतंच ऐकलं. "अन् दिवेलागन?"

"वाट आता कुठी पळून नाई जात," त्या म्हणाल्या आणि जाळं उकलायला निघून गेल्या.

मी नाचत चांद्याला गेले. मासळी विकली, आईकडे जेवले. आईनं माझ्यासाठी रात्रीचे तांदूळ निवडायला घेतले. आम्ही दोघी उन्हात पाय पसरून बसलो, पोटभर बोललो. आणि मग उन्हं कलायला लागली तशी माझी चुळबुळ सुरू झाली. दर खेपेला या वेळी उठायची सवय. शिवाय सासूबाईंना संध्याकाळचं नीट दिसत नसे, कंदिलाची काच हमखास हातातून सुटायची. शिवाय मी नसले की त्या कोणावर ओरडणार? मी तांदळात हात घातला, काढला, दारात गेले, परत आले.

"काऊन वं, असी चुकल्यासारखी करून राह्यली?" आईनं विचारलं.

"काई नाई."

आई माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तिनं सूप बाजूला ठेवलं. तिला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं, पण ती हसत होती. तिनं माझ्या टोपलीत बोरं भरली आणि वहाणा पायांत घातल्या. "चाल. मोहापावतर येतो मी."

मोहाखाली कोणीतरी बसलं होतं. जवळ गेलो तर सासूबाई. आम्हाला बघून त्या एकदम उठल्या आणि लुगडं झटकलं.

"पत्रावळीले पानं तोडाले आली होती," त्या म्हणाल्या. "पळसाची. इकडं चांगली भेटतेत."

त्यांची टोपली फांदीवर होती, आपल्या खळगीत. आईनं टोपलीत वाकून बघितलं. मीही बघितलं. आत एक पान नव्हतं. माझ्या टोपलीतली बोरं आईनं ओंजळी ओंजळीनं सासूबाईंच्या टोपलीत घातली, टोपली त्यांच्या डोक्यावर ठेवायला हात दिला आणि म्हणाली, "जा बाई आता. अंधार पडन."

दिवेलागणीच्या आत आम्ही दोघी चुलीपाशी होतो.